काळीला नापास करा

रविवारी सकाळी साडेदहाला, बायको बहिणीकडे गेलेली असताना, तक्तेसाहेबांनी तिचं शिवणयंत्र टेम्पोत चढवलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन टेम्पोवाल्याला चहा पाजला.

तक्तेसाहेबांचं आडनाव तक्ते नव्हे. अभिलेख कार्यालयात एकतीस वर्षं ज्या वस्तूवर नजर पडेल तिचा तक्ता करायचा हा त्यांचा खाक्या, त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं. निवृत्त झाल्यावर कार्यालय सुटलं, पट्टी-पेन्सिल सुटली नाही. लेकीनं लग्न ठरवलं तेव्हा होणाऱ्या जावयाचासुद्धा तक्ता झाला होता. त्यात 'दाढी' या रकान्यात त्याला उणे दोन मार्क पडले होते, आणि हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. तर सांगायचं काय, शिवणयंत्राचाही तक्ता झाला. डावीकडे बायकोचं जुनं, पायानं चालवायचं, काळंभोर यंत्र, ज्याला ती लाडानं 'काळी' म्हणायची. उजवीकडे दुकानातलं नवं संगणकी यंत्र. सोयी मोजून प्रत्येक सोयीला एक मार्क. नव्याला पडले दोनशे सत्तेचाळीस. काळीला दोन: पुढे जाते, मागे येते.

आता दोनशे सत्तेचाळीस विरुद्ध दोन म्हटल्यावर कुठलाही शहाणा माणूस काय करेल? शिवाय 'जुनं द्या, नवं न्या' ही योजना फक्त त्या रविवारपुरती होती. शिवाय बायकोला मदत करायची खरोखरच गरज होती, कारण चारच दिवसांपूर्वी तिच्या आयुष्यातलं पहिलं मोठं काम तिला मिळालं होतं. अकरा वर्षं ती गल्लीतल्या लोकांचे फॉल-पिको, उसवलेले खिसे, आखूड झालेल्या पॅन्टी असलं किरकोळ शिवत आली होती. आणि आता शाळेच्या मोठ्या बाईंनी बॅण्डमधल्या मुलांची बेचाळीस जाकिटं तिला दिली होती. दोन आठवड्यांची मुदत. जाकिटं वेळेवर आणि नीट झाली, तर वर्षभराचे सगळे गणवेश तिच्याकडे. नाही झाली, तर मोठ्या रस्त्यावरच्या त्या काचवाल्या दुकानाकडे, जिथं बारा माणसं कामाला आहेत आणि चहा आणून द्यायला तेरावा. ती चारही रात्री झोपेतसुद्धा बेचाळीसचा पाढा म्हणत होती.

संध्याकाळी ती घरी आली. चपला काढल्या, पदरानं घाम पुसला आणि खिडकीखालच्या कोपऱ्याकडे बघून तशीच उभी राहिली.

"अहो, माझं मशीन कुठाय?"

"डोळे मीट," तक्तेसाहेब म्हणाले.

"मशीन कुठाय?"

"सरप्राईज आहे."

"घर फोडून गेले तरी सरप्राईजच असतं ते," ती म्हणाली. "मला विचारलंत?"

तक्तेसाहेबांनी टेबलावरची चादर झर्रकन ओढली. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, समोर छोटा पडदा असलेलं यंत्र उजळलं आणि एका गोड बाईच्या आवाजात म्हणालं, "नमस्कार! आज आपण कोणती नवनिर्मिती करणार?"

बायकोनं त्या यंत्राकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं, आणि आतल्या खोलीत जाऊन रडली. तक्तेसाहेबांना वाटलं, आनंदाश्रू असावेत. लग्नाला चौतीस वर्षं झाली की माणसाचा अंदाज इतका पक्का होतो.

सोमवारी सकाळी मात्र ती पदर खोचून बसली. रडून जाकिटं शिवली जात नाहीत, हे तिला ठाऊक होतं. कापड सगळं बेतून, कापून तयार होतं. तिनं निळ्या कापडाचा पहिला तुकडा सुईखाली सरकवला आणि यंत्रानं विचारलं, "शिवणकाम करणाऱ्या व्यक्तीचं वय?"

"ह्याला काय करायचंय?"

"अगं, सांगून टाक ना. त्याशिवाय पुढं जात नाही ते."

"चोपन्न."

"आपली आवड निवडा. फुलं, पक्षी, भूमितीय, स्वप्नमय."

"सरळ टीप," ती म्हणाली.

"क्षमस्व. हा पर्याय मूलभूत विभागात आहे. मूलभूत विभागात जाण्यापूर्वी आपण आमची नऊ मिनिटांची ओळखफीत पाहिली का?"

आता ह्या सगळ्यात यंत्राचा दोष थोडा आणि तक्तेसाहेबांचा जास्त होता, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. त्यांच्या घराण्यात एक तत्त्व पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं: घेतलंय ना, मग वापरलं पाहिजे. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवायची, टूथपेस्टची नळी कात्रीनं उभी चिरायची. त्याच तत्त्वाला अनुसरून रविवारी दुपारभर बसून त्यांनी यंत्रातल्या एकूण एक सोयी चालू केल्या होत्या. दोनशे सत्तेचाळीसचे पैसे मोजलेत तर दोनशे सेहेचाळीस का वापरायच्या? बोटांचं रक्षण चालू. कापडाची निगा चालू. वीजबचत चालू. चोरीपासून संरक्षण चालू. दर अर्ध्या तासानं पाठीचा व्यायाम करण्याची आठवण, तीही चालू.

परिणाम असा झाला की बायकोची बोटं सुईच्या दोन इंचांत आली की यंत्र थांबायचं. आणि तिची बोटं तर सुईच्या इतकी जवळ असतात की बघणाऱ्यानं डोळे मिटून घ्यावेत. त्याशिवाय कड सरळ येतच नाही. जाकिटाच्या पुढच्या बाजूला आत कॅनव्हास लावायचा असतो, तो दिसला की यंत्र म्हणायचं, "कापड जाड आहे. कृपया तज्ज्ञांचा सल्ला घ्या." शिवण इस्त्रीनं बसवायला ती उठली, की दहा मिनिटांत यंत्र झोपी जायचं. आणि चोरीपासून संरक्षण चालू असल्यामुळे त्याला जागं करायला सहा आकडी गुप्त क्रमांक लागायचा. तो यायचा तक्तेसाहेबांच्या मोबाईलवर.

सोमवारी दुपारी तक्तेसाहेब टपाल कार्यालयात रांगेत उभे होते. फोन वाजला.

"आकडे सांगा," बायको म्हणाली.

"आठ, चार, शून्य..."

"मोठ्यानं सांगा. इथं ते गाणं म्हणतंय."

"आठ! चार! शून्य! नऊ! नऊ! दोन!" तक्तेसाहेब ओरडले. रांगेतल्या पुढच्या माणसानं वळून बघितलं आणि स्वतःचं पाकीट दुसऱ्या खिशात ठेवलं.

दिवसभरात असे चौदा फोन आले. संध्याकाळपर्यंत बायकोचं अर्धं जाकीट झालं होतं आणि पाठीचा व्यायाम सतरा वेळा सुचवून झाला होता.

नवी वस्तू घरात आली की शेजाऱ्यांना कसा वास लागतो देव जाणे. सोमवारी सहा वाजता समोरचे निवृत्त ओव्हरसियर आले आणि त्यांच्या मागोमाग तिसऱ्या मजल्यावरचे होमिओपॅथ डॉक्टर. ओव्हरसियरनी यंत्राखाली लेव्हलची बाटली ठेवून बघितली आणि सांगितलं, "साहेब, तुमची फरशीच उतरती आहे. मशीन काय करणार?" डॉक्टरांचं म्हणणं पडलं, की यंत्र नव्या घरात आलंय, घाबरलंय, त्याला तीन दिवस काही काम देऊ नका.

"तीन दिवस?" बायको म्हणाली. "डॉक्टर, बुधवार सोडून पुढच्या बुधवारी बेचाळीस द्यायचीत."

"घाई हेच मूळ आहे, वहिनी," डॉक्टर म्हणाले.

तेवढ्यात ओव्हरसियरांना पडद्यावर एकशे त्रेसष्ट क्रमांकाचं चित्र दिसलं. "हे काय हो, बदक का?" म्हणत त्यांनी बोट ठेवलं. बोट कुठल्याही यंत्रावर ठेवायचं हा त्यांचा नोकरीतला जुना परिपाठ. त्यापायी एक पूल सहा महिने लांबला होता. यंत्रात जाकिटाचा पुढचा भाग तसाच अडकवलेला होता. दिवसभर अडखळत चाललेलं ते यंत्र असं काही सुटलं की सांगता सोय नाही! ना बोटांचं रक्षण आडवं आलं, ना कापडाची निगा. खांद्यापासून खिशापर्यंत पिवळ्या दोऱ्यात अकरा बदकं, एकामागून एक, चोची वर करून. "निर्मिती पूर्ण. अभिनंदन!" यंत्र म्हणालं.

"वा! काय फिनिशिंग आहे!" डॉक्टर म्हणाले.

कापड शाळेनं मोजून दिलेलं. बायकोनं तो तुकडा सोडवला, उलटा करून बघितला, आणि आतल्या पट्टीला लागेल म्हणून बाजूला ठेवला. त्याच्या बदल्यात जोड देऊन दुसरा भाग कसाबसा बेतला. मग तिनं दोन्ही शेजाऱ्यांना हात जोडून दाराकडे बघितलं. ते गेले. जाताना ओव्हरसियर म्हणाले, "फरशीचं बघा मात्र."

मंगळवारी कंपनीचा मेकॅनिक आला. त्याला बोलावण्यासाठी तक्तेसाहेबांनी फोनवर भाषेसाठी एक, तक्रारीसाठी चार, नव्या ग्राहकासाठी दोन आणि आधीच्या मेनूत परत जाण्यासाठी नऊ असं करत सव्वा तास घालवला होता. मेकॅनिकनं यंत्र उघडलं, मिटलं, पडदा वर-खाली सरकवला आणि म्हणाला, "काही दोष नाही. सगळं बरोबर चाललंय."

"मग शिवत का नाही?"

"शिवायचंय होय?" तो म्हणाला. "मग बरंच काही बंद करावं लागेल."

बंद करायला बसला तर प्रत्येक सोय जाताना विचारायची, "आपण मला का बंद करत आहात? कारण किमान वीस शब्दांत लिहा." तक्तेसाहेबांनी लिहायला घेतलं. सरकारी भाषेत वीस शब्द म्हणजे त्यांना काहीच नव्हे, नुसत्या 'उपरोक्त विषयास अनुसरून' मध्ये तीन जातात. पण अशा दोनशेच्या वर सोयी. बत्तिसाव्या सोयीला मेकॅनिकनं घड्याळ बघितलं, पुस्तकावर सही घेतली आणि जाता जाता हळूच बायकोला म्हणाला, "ताई, राग मानू नका. जाड कापड ह्याला झेपायचं नाही. तुमच्याकडे जुनं काही नव्हतं का?"

झालं! बायकोनं हातातली कात्री खाली ठेवली. ती ओरडली असती तर तक्तेसाहेबांना परवडलं असतं. ती म्हणाली, "अकरा वर्षं मी वाट बघितली. उद्या शाळेत जाऊन मोठ्या बाईंना सांगते, जमणार नाही म्हणून. आत्ताच सांगितलेलं बरं, त्यांना दुसरीकडे द्यायला वेळ मिळेल."

तक्तेसाहेबांना आपण काय केलं हे तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. पण माणूस एकतीस वर्षं फायलींत वाढलेला. फाईल हरवली असं त्यांनी जन्मात कबूल केलं नव्हतं, ती फक्त सापडायची राहिलेली असायची. ते ताठ उभे राहिले.

"उद्या शाळेत जायचं नाही," ते म्हणाले. "उद्या काळीला आणायला जायचं."

बुधवारी सकाळी दोघं दुकानात गेली. टायवाल्या मॅनेजरनं संगणकात बघितलं आणि मान हलवली. "सॉरी सर. तुमचं जुनं मशीन सिस्टीममध्ये मृत दाखवतंय."

"मृत?"

"एक्सचेंजमध्ये आलं की त्याची नोंद मृत होते. मृत वस्तू जिवंत करायला सिस्टीममध्ये बटणच नाही. एकदा नोंद झाली की झाली."

तक्तेसाहेब चपापले. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. हेच वाक्य, ह्याच आवाजात, चष्मा असाच नाकावर घेऊन त्यांनी स्वतः हजारो लोकांच्या तोंडावर मारलं होतं. एक आजोबा तर स्वतः जिवंत असल्याचं सांगायला सलग तीन महिने येत होते. ते ऐकताना समोरच्याला कसं वाटतं, हे कळायला साहेबांना काउंटरच्या ह्या बाजूला यावं लागलं. मनातल्या मनात त्यांनी त्या आजोबांची क्षमा मागितली. मग खुर्ची ओढून बसले, खिशातून पावती काढली आणि तिची मागची बाजू वाचायला लागले.

पावतीची मागची बाजू जगात कुणी वाचत नाही. छापणाराही वाचत नसावा. तक्तेसाहेबांनी भिंगानं पस्तीस मिनिटं वाचली. तिथं मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात कलम अकरा होतं: जुन्या वस्तूची गोदामात सात दिवसांत तपासणी होईल, पन्नास प्रश्नांत शंभरपैकी किमान पंचवीस गुण न मिळाल्यास वस्तू अपात्र ठरवून ग्राहकास परत केली जाईल आणि सवलत रद्द होईल.

"तपासणी झाली का?" त्यांनी विचारलं.

"कुणीच करत नाही ती," मॅनेजर म्हणाला.

"आज होईल," तक्तेसाहेब म्हणाले. बायकोनं इतक्या वर्षांत त्यांच्याकडे असं बघितलं नव्हतं. जरा छाती फुगली, तेवढ्यात ती म्हणाली, "म्हणजे काळीला नापास करायचं?"

"काय अवघड आहे? माझ्याच तक्त्यात तिला दोन मार्क होते."

गोदाम गावाबाहेरच्या रस्त्याला, लांबट पत्र्याच्या शेडमध्ये. आत ओळीनं मेलेले फ्रीज, मेलेले टीव्ही, आणि त्यांच्यामध्ये स्टुलावर बसलेले गोदामबाबू. स्वेटर, मफलर, कानावर पेन. कित्येक वर्षांत तपासणी मागायला कुणी आलं नव्हतं, त्यामुळे त्यांना भारी आनंद झाला. त्यांनी छापील फॉर्म शोधला, त्यावरची धूळ फुंकली आणि काळीपुढे बसले. काळी दोन फ्रीजच्या मध्ये उभी होती. बायकोनं जाऊन तिच्या चाकावर हात ठेवला.

"पडदा आहे का?" गोदामबाबूंनी विचारलं.

"नाही," तक्तेसाहेब.

"रिमोट?"

"छे!"

"इंटरनेटला जोडता येतं?"

"अहो, भिंतीच्या प्लगलाही जोडता येत नाही!"

शून्य, शून्य, शून्य. पहिले पंधरा प्रश्न झकास गेले. तक्तेसाहेब सरकारी वकिलानं आरोपीविरुद्ध बोलावं तसे काळीच्या विरुद्ध बोलत होते. पण गोदामबाबू हा हळव्या मनाचा माणूस निघाला. नापास करायचं त्याच्या जिवावर येत होतं. "रंग चांगला राखलाय. दोन देतो. सगळे भाग मूळचे? दोन. गंज नाही, दोन."

"गंज आहे! आतून असेल!"

"कुठंय? उगाच कशाला नावं ठेवता? वजनदार आहे, हलत नाही. दोन." मग त्यांनी एक चिंधी सुईखाली घातली, पाय मारला, आणि काळी खडखडत सरळ रेषेत एका दमात निघाली. गोदामबाबूंचा चेहरा उजळला. "अहो, काय टीप आहे! आवाज कमी, दोन. दोरा तुटत नाही, दोन. विजेचा खर्च? काहीच नाही, दोन!"

"तुम्ही असे मार्क वाटायला लागलात तर कसं व्हायचं?" तक्तेसाहेब कळवळले. "बाबू, ऐका माझं. ओझं आहे नुसतं. कामाचं नाही, चमकत नाही, बोलत नाही. घरात कुणाला नको होतं हे."

हे म्हणताना बायकोकडे बघायचं धाडस त्यांना झालं नाही. तिनं चाकावरचा हात काढला नव्हता. चौतीस वर्षं तिच्या पायाखाली चाललेल्या यंत्राला नवरा भर गोदामात नावं ठेवत होता, आणि तिला गप्प बसायचं होतं, कारण तो जितकं वाईट बोलेल तितकी काळी घराजवळ येत होती.

बेरीज झाली. एकोणपन्नास प्रश्नांत चोवीस गुण. एक प्रश्न उरला, दोन गुणांचा. गोदामबाबूंनी तो मोठ्यानं वाचला. "वापरणाऱ्याला मार्गदर्शन करते का?" मग चष्मा वर करून ते काळीकडे वाकले. "सुईजवळ रेघा आहेत, आकडे आहेत. हे मार्गदर्शनच की! दोन मार्क. काय साहेब? पास करून टाकू हिला. बिचारी एवढी चांगली आहे."

तक्तेसाहेबांनी पुढं होऊन त्या रेघा तळहातानं झाकल्या. तोवर बायको बोलली.

"ती नाही हो काही सांगत," ती म्हणाली. "मी सांगते, ती ऐकते. चौतीस वर्षांत उलटून एक शब्द बोलली नाही."

गोदामबाबूंनी चष्मा काढून मफलरनं पुसला. त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे. त्यांच्याही घरी काहीतरी बोलणारं असावं. त्यांनी शेवटच्या रकान्यात शून्य काढलं, खाली 'अपात्र' असा शिक्का मारला आणि दोन फ्रीज बाजूला सरकवून दिले.

परतीच्या टेम्पोत पुढं जागा एकच होती. बायको पुढं बसली. तक्तेसाहेब मागं काळीला धरून, रद्द झालेल्या सवलतीचे पैसे भरल्याची पावती खिशात घालून. सिग्नलला टेम्पो थांबल्यावर ते मधल्या जाळीतून म्हणाले, "चुकलं माझं."

"काय?"

"चुकलं म्हटलं. तुला विचारायला हवं होतं."

"हॉर्न वाजतोय, ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "परत म्हणा."

त्यांनी परत म्हटलं. टेम्पोवाल्यानंही ऐकलं आणि आरशातून मान डोलावली.

पुढचे सहा दिवस त्या घरात काळीशिवाय कुणी आवाज केला नाही. दिवसाला सात जाकिटं. पहाटे पाचला खडखड सुरू व्हायची. स्वयंपाक तक्तेसाहेबांनी केला, आणि तो खाल्ला गेला यावरून कामाची घाई लक्षात यावी. काळी जाड कॅनव्हासमधून अशी जायची की बायको मधूनच गुणगुणायला लागायची. पण एक गोष्ट काळीला येत नव्हती, ती म्हणजे काजं. एरवी बायको ती हातानं करायची. बेचाळीस जाकिटं, प्रत्येकी सहा बटणं, म्हणजे दोनशे बावन्न काजं; हातानं करायला घेतली असती तर पुढचा महिना लागला असता.

गुरुवारी दुपारी ती नव्या यंत्रापुढे जाऊन उभी राहिली. कमरेवर हात ठेवून तिनं पडदा खाली खाली सरकवत नेला आणि अठ्ठ्याऐंशीवर थांबली. काज. काजपट्टीत कॅनव्हास नसतो, तेव्हा जाडीचा प्रश्न नव्हता; एका चिंधीवर करून बघितलं. भिंगातून बघावं असं काज झालं. मग तिनं जुन्या वहीचा पुठ्ठा घेतला, पडद्याच्या मापाचा कापला, अठ्ठ्याऐंशीपुरती खिडकी पाडली, आणि चिकटपट्टीनं पडद्यावर पक्का बसवला. आवाजाच्या भोकावर कापसाचा बोळा.

"बसा इथं," ती नवऱ्याला म्हणाली. "खिडकीत दिसतं तेवढंच दाबायचं. दुसरं काही नाही."

"पण बाकीच्या दोनशे सेहेचाळीस?"

तिनं खुर्ची पुढं सरकवली. तक्तेसाहेब बसले.

पहिली अकरा काजं तिरकी आली. तिनं ती उसवायला लावली, ब्लेडनं, एकेक टाका. कार्यालयात असताना हाताखालच्या कारकुनांची पत्रं त्यांनी अशीच सात-सात वेळा परत पाठवली होती. आता ब्लेड हातात घेऊन ते मान खाली घालून बसले. शुक्रवारी काजं सरळ यायला लागली. शनिवारी त्यांनी काजांचा तक्ता करू का म्हणून विचारलं. "आधी काज, मग तक्ता," ती म्हणाली, आणि काजं संपली तेव्हा तक्त्याची आठवण कुणाला राहिली नाही. रविवारी ओव्हरसियर डोकावले, बोट पुढं केलं, पुठ्ठा बघितला आणि बोट परत नेलं. "फरशी सरळ केलीत वाटतं," ते म्हणाले.

खरं सांगायचं तर तक्तेसाहेबांना मजा यायला लागली होती. एकच बटण. दाबलं की काज. पुन्हा दाबलं की पुन्हा काज. डोक्याला शीण नाही, वाद नाही, वर बायको जाता-येता काज बघून 'हं' म्हणायची. कार्यालयात एकतीस वर्षांत त्यांच्या एकाही तक्त्याला कुणी 'हं' म्हटलं नव्हतं.

बुधवारी सकाळी दहाला बेचाळीस जाकिटांचे दोन गठ्ठे शाळेच्या ऑफिसात पोचले. बायको पुढं, नवी साडी, हातात बिल. तक्तेसाहेब मागं, एक गठ्ठा खांद्यावर, दुसरा काखेत. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, वर्गात शिरल्या की पंखासुद्धा हळू फिरतो अशी ख्याती. त्यांनी वरचं जाकीट सोडून मधलं कुठलं तरी उपसून काढलं. उलटं केलं. शिवणीला दोन्ही हातांनी ताण दिला. खांदा ओढला. बटण लावून काढलं, लावून काढलं. बायको हातातल्या बिलाची घडी घालत होती आणि उलगडत होती.

"टीप छान आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "काजं तर फारच छान. काम चोख आहे तुमचं. पण वर्षभराचे गणवेश म्हणजे सहाशे मुलं. एकट्या बाईला झेपणार नाही. त्या दुकानात बारा माणसं आहेत. तुमच्याकडे हाताखाली कुणी आहे का?"

बायकोनं मागं वळून बघितलं. गठ्ठा खांद्यावर, घामाघूम, चष्मा घसरलेला, बाहीला निळे दोरे चिकटलेले.

"आहे की," ती म्हणाली. "हे आहेत. काजं ह्यांनीच केलीत."

मोठ्या बाईंनी नोंदवही ओढली. तिच्यात रकाने होते. "मदतनीस, एक," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "अनुभव?"

तक्तेसाहेब गठ्ठ्याखालून म्हणाले, "सहा दिवस."

"माणूस विश्वासाचा आहे ना? शाळेचं कापड आहे, नियमानं विचारावं लागतं. न विचारता घरातली वस्तू इकडची तिकडे करत नाही ना?"

तक्तेसाहेबांनी खांद्यावरचा गठ्ठा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि जमिनीकडे बघत राहिले.

"आता नाही करत," बायको म्हणाली, आणि तिनं करारावर सही केली.